तीन वर्षांच्या हातात पेन्सिलची घाई नको, आधी घरातच होऊ द्या अलिफ-बे आणि अ-आची ओळख

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की घरात चौकशी सुरू होते. मामू विचारतात, "एबीसीडी आती क्या?" शेजारच्या आपा सांगतात की त्यांच्या नातवाला अख्खी अंकलिपी पाठ आहे. नर्सरीच्या प्रवेशाला मुलाला प्रश्न विचारतात असंही कुठून तरी कानावर येतं. मग अम्मीच्या मनात धाकधूक सुरू होते. दुसऱ्याच दिवशी पाटी, पेन्सिल, भिंतीवरचा चार्ट आणि ठिपके जोडायची वही घरात हजर! मूल दोन दिवस खेळतं, तिसऱ्या दिवशी पेन्सिल फेकतं, आणि आपण शिक्का मारून मोकळे होतो की याला अभ्यासाची आवडच नाही.

आपल्या घरांमध्ये ही धाकधूक जरा जास्तच असते, कारण आपल्या मुलांसमोर एक नाही, तीन-चार प्रकारची अक्षरं असतात. उर्दूची अलिफ-बे, मकतबमधल्या कायद्याची अरबी हुरूफ, मराठीची देवनागरी आणि इंग्रजी. बोलीही वेगवेगळ्या. मालेगाव-भिवंडीच्या अनेक घरांत उर्दू, मराठवाड्यात दखनी, तर कोकणातल्या मुस्लिम घरांत कोकणी बोलीच चालते. एवढ्या सगळ्याची सुरुवात लवकर केली नाही तर मूल मागे पडेल, असं पालकांना वाटतं. शिक्षक म्हणून माझं म्हणणं मात्र नेमकं उलटं आहे. अक्षरांची ओळख लवकर जरूर करा, पण कानाने, तोंडाने आणि बोटांनी. लिहिणं सगळ्यात शेवटी येऊ द्या.

आपल्या जुन्या रिवाजातही घाई नव्हती

आपल्याकडे 'बिस्मिल्लाह'ची रीत अनेक घरांत आजही पाळली जाते. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याला पहिल्यांदा अक्षरांसमोर बसवायचं. ही शतकानुशतकं चालत आलेली रीत आहे. त्यातली समज बघा. त्याआधीची चार वर्षं मुलाने दादी-नानीच्या गोष्टी ऐकायच्या, बोलायला शिकायचं, मातीत खेळायचं.

बसवल्यावरही पहिलं लिखाण कागदावर होत नसे. उर्दू शिकणारं मूल लाकडी तख्तीवर मुलतानी मातीचा हात फिरवून बरूच्या कलमाने लिहायचं. मराठी शिकणारं मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर काढायचं. 'धुळाक्षरे' हा शब्द तिथूनच आलेला आहे. दोन भाषा, दोन लिप्या, पण सुरुवात दोन्हीकडे मातीतून. चुकलं तर हात फिरवला की पाटी कोरी.

आजचं सरकारी धोरणही हेच सांगतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट मुलाने तिसरीच्या अखेरीपर्यंत समजून वाचावं, हे आहे. तिसरीच्या! मग तीन वर्षांच्या मुलाला वही भरायला लावण्याची गरजच काय?

हात कधी तयार होतो?

मुलाच्या हाताची वाढ एका क्रमाने होते. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. साधारण दोन वर्षांचं मूल तुमचं बघून उभी रेघ ओढतं. तीन वर्षांच्या आसपास ते गोल काढू लागतं. अधिक चिन्हासारखी एकमेकींना छेदणारी रेघ चार वर्षांच्या सुमारास जमते. प्रत्येक मूल थोडं पुढे-मागे असतं, पण क्रम हाच.

आता देवनागरीतला 'अ' डोळ्यांसमोर आणा. दोन वळणं, मध्ये आडवी रेघ, पुढे उभा दांडा, वर शिरोरेघ. ज्या हाताला नुकताच गोल काढता येतोय, त्याला हे कसं जमणार? याउलट 'अलिफ' म्हणजे एक उभी रेघ. ती दोन-अडीच वर्षांच्या मुलालाही खेळता खेळता काढता येते. म्हणून जुन्या मराठी शिक्षकांनीही लिहायला शिकवताना 'अ'पासून नाही, तर 'ग म भ न' अशा उभ्या काना असलेल्या अक्षरांपासून सुरुवात केली.

मुलाने 'ब' उलटा काढला किंवा उर्दू शब्द डावीकडून सुरू केला तरी घाबरू नका. सहा-सात वर्षांपर्यंत असं होणं सर्वसाधारण आहे. दोन लिप्यांमुळे मूल गोंधळलं, असा त्याचा अर्थ नाही.

एक वस्तू, दोन अक्षरं

चार्टवर 'अलिफ से अनार' असतं आणि 'अ अननसाचा'. मुलाला वाटतं, ही दोन वेगळीच दुनिया आहेत. आपण वस्तू अशा निवडू या की दोन्ही भाषांत एकाच आवाजाने सुरू होतील. त्या घरातच सापडतात.

अंडा आणि अंडं: अलिफ आणि अ.
आम आणि आंबा: अलिफ-मद आणि आ.
बकरी दोन्हीकडे बकरीच: बे आणि ब.
पानी आणि पाणी: पे आणि प.
मछली आणि मासा: मीम आणि म.
नाक आणि नाक: नून आणि न.
कान आणि कान: काफ आणि क.
दूध आणि दूध: दाल आणि द.
लहसुन आणि लसूण: लाम आणि ल.
चाय आणि चहा: चे आणि च.
सेब आणि सफरचंद: सीन आणि स.

मुलाच्या हातात लसूण द्या आणि म्हणा, "ल, ल, लहसुन. ल, ल, लसूण." बस्स, धडा झाला. अक्षर दाखवायचं असेल तर एका कार्डावर डाव्या बाजूला 'ल' आणि उजव्या बाजूला 'लाम' मोठ्या आकारात काढून लसणाजवळ ठेवा.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. देवनागरीत अक्षराचं नाव हाच जवळजवळ त्याचा आवाज आहे. उर्दूत तसं नाही. 'लाम' हे नाव, 'ल' हा आवाज. 'जीम' हे नाव, 'ज' हा आवाज. म्हणून उर्दू अक्षर दाखवताना नाव आणि आवाज दोन्ही सांगा: "ये लाम है. लाम बोलता है ल." कायदा शिकवणारे मौलाना 'बा, ता' म्हणतात आणि उर्दूच्या बाई 'बे, ते' म्हणतात. हाही फरक मुलाला सहज सांगून टाका, "मकतब में इसका नाम बा, उर्दू में बे." जसं त्याला घरात बाबू म्हणतात आणि शाळेत पूर्ण नावाने हाक मारतात. मुलांना हे लगेच पटतं.

काही शब्द मात्र सुरुवातीला टाळलेले बरे. ईद मराठीत 'ई'ने लिहितात, पण उर्दूत ती 'ऐन'ने सुरू होते. साबुन उर्दूत 'सुआद'ने लिहितात, 'सीन'ने नाही. चमचा दोन्हीकडे चमचाच असला तरी मराठीत त्यातला 'च' वेगळा उच्चारतात. हे शब्द ऐकण्या-बोलण्यात भरपूर येऊ द्या, अक्षरओळखीसाठी नंतर घ्या.

'ळ' हा आवाज उर्दूत नाही. उर्दू बोलणारं मूल 'शाळा'ला 'शाला' म्हणतं ते म्हणूनच. मराठीत 'ळ'ने शब्द सुरू होत नाही, त्यामुळे तो मधे किंवा शेवटीच ऐकवावा लागतो: डोळा, बाळ, केळं, शाळा. रोज केळं देताना नीट 'केळं' म्हणा, दुरुस्ती करत बसू नका. कान तयार झाला की जीभ मागोमाग येते.

घरच्या घरी करायचे सहा खेळ

१. स्वतःचं नाव. मुलं बहुतेक वेळा आधी ओळखतात ते स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर. मुलाचं नाव दोन्ही लिप्यांत लिहून त्याच्या डब्यावर, चपलांच्या जागेवर, उशीच्या अभ्र्यावर लावा. महिनाभरात बिस्किटाच्या पुड्यावर तेच अक्षर दिसलं तर मूल ओरडेल, "ये मेरा है!"

२. आवाजाची थैली. जुन्या कापडी पिशवीत एकाच आवाजाच्या तीन-चार वस्तू ठेवा. 'क'साठी कंगवा, कप, कांदा. मुलाने हात घालून चाचपायचं, ओळखायचं, नाव सांगायचं. मुलाने कांद्याला प्याज म्हटलं तर छानच. म्हणा, "हां, प्याज. मराठी में कांदा." दुसऱ्या दिवशी प्याज 'प'च्या थैलीत जाईल.

३. रव्याचं ताट. स्टीलच्या ताटात रव्याचा पातळ थर पसरा आणि बोटाने गिरवू द्या. हीच आपली आजची धूळपाटी. आधी नुसत्या रेघा, लाटा, गोल. तीन वर्षांनंतर अलिफ, मग 'ग'चा काना. अलिफ वरून खाली काढायची, एवढी एकच सवय सुरुवातीपासून लावा.

४. कणकेचे नुक्ते. पोळ्या करताना कणकेचा एक गोळा मुलाला द्या. त्याची होडीसारखी वळलेली वळकटी करा. आता छोट्या गोळ्यांचे नुक्ते. खाली एक ठेवला की बे, खाली तीन की पे, वर दोन की ते, वर तीन की से. होडी तीच, फक्त नुक्ते फिरतात. उर्दूचं अर्धं गणित मुलाला या एका खेळात कळतं, शिवाय मोजणीही होते.

५. खरखरीत अक्षर. सुताराकडून पॉलिश कागदाचा तुकडा आणा, अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. मुलाने डोळे मिटून बोट फिरवायचं. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिली बालशाळा उघडली, तिथून ही खरखरीत अक्षरं जगभर गेली. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, पानं, बिया वापरल्या. खर्च नसला तरी शिक्षण थांबत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

६. पाट्यांची सैर. बाजारात जाताना दुकानांच्या पाट्या, एसटीच्या बोर्डावरचं गावाचं नाव, मशिदीजवळच्या दुकानावरची उर्दू पाटी दाखवा. एका फेरीत एकच अक्षर शोधायचं. "आज आपल्याला 'म' शोधायचा आहे." मेडिकल, मटण, मोबाईल, मिठाई, 'म' तर पावलोपावली आहे.

फरशीवर खडूने मोठं अक्षर काढून त्यावर चालायचा खेळही बालवाड्यांत असतो. काही घरांत अक्षरांवर पाय पडणं बेअदबी वाटते. तिथे अक्षर भिंतीवर किंवा पाटावर काढून त्यावरून खेळण्यातली गाडी फिरवू द्या. मोठ्यांचाही मान राहतो, मुलाचाही खेळ होतो.

एक सावधगिरी मात्र सक्तीची. इंटरनेटवर मुलं हरभरे, राजमा, मणी, बटणं चिकटवून अक्षरं करताना दिसतात. लहान मूल अशी वस्तू पटकन तोंडात टाकतं आणि ती श्वासनलिकेत अडकू शकते. तीन-चार वर्षांपर्यंत शेंगदाणे, फुटाणे, मणी हे खेळायला देऊच नका. कणकेचे नुक्तेही डोळ्यांसमोर असतानाच.

चित्रांचं पुस्तक कसं निवडायचं, कसं वाचायचं

मुलांसाठी चित्रांचं पुस्तक ही कल्पना जुनी आहे. कोमेनियस नावाच्या शिक्षकाने १६५८ मध्ये लॅटिन आणि जर्मन शिकवायला एक सचित्र पुस्तक काढलं, त्याच्या सुरुवातीला प्रत्येक अक्षरासाठी प्राण्याचा आवाज दिला होता. इंग्रजीत जो 'बी', त्याच्यासाठी कोकराची 'बेs बेs'. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या गुरुजींनाही ठाऊक होतं की अक्षर डोळ्यांत शिरण्याआधी कानात शिरतं.

दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जाड पुठ्ठ्याचं, एका पानावर एकच ठळक चित्र असलेलं पुस्तक घ्या. अडीच-तीनला दोन-चार शब्दांच्या ओळी चालतात. चित्रांत घर, आजी, मांजर, पाऊस, बाजार असं ओळखीचं काही असावं. एका पानावर पंचवीस फळं कोंबलेला चार्ट म्हणजे पुस्तक नव्हे.

मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तकं या वयासाठी उत्तम आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं मराठी-उर्दू दोन्हीत मिळतात आणि खिशाला परवडतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांतल्या चित्रकथा मोफत आहेत, त्या छापूनही घेता येतात. एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळाली तर सोन्याहून पिवळं.

वाचायची रीत महत्त्वाची. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पालकांनी नुसतं वाचून न दाखवता प्रश्न विचारत, मुलाच्या उत्तरात भर घालत वाचलं, तेव्हा महिनाभरातच त्या मुलांची भाषा पुढे गेलेली दिसली. यात अवघड काही नाही. चित्रावर बोट ठेवा आणि विचारा, "ये कौन?" मग थांबा. मनात पाचपर्यंत मोजा, कारण मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो. ते म्हणेल, "बिल्ली." तुम्ही भर घाला, "हां, काली बिल्ली. दूध पी रही है." पुढच्या वेळी तेवढं ते स्वतः म्हणेल. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर कंटाळू नका. मूल त्यातूनच पक्कं करत असतं.

अम्मीला मराठी वाचता येत नसेल तर?

हा प्रश्न मला दरवर्षी पालकसभेत हळू आवाजात विचारला जातो. "टीचर, मैं तो उर्दू मीडियम से पढ़ी, मराठी कैसे पढ़ाऊँ?" माझं उत्तर एकच असतं. तुम्हाला जी भाषा मनापासून येते, तिच्यात भरपूर बोला. गोष्टीत आधी काय घडलं, नंतर काय, का घडलं, हे एका भाषेत समजलेलं मूल दुसऱ्या भाषेतही लवकर समजतं. मोडक्यातोडक्या मराठीत तीन शब्द बोलण्यापेक्षा गोड दखनीत तीस वाक्यं बोललेली हजार पटींनी चांगली. दादीला वाचताच येत नसेल तरी चित्रं बघून ती गोष्ट रचू शकते, आणि बहुतेक वेळा तिचीच गोष्ट सगळ्यात रंगते.

मराठीसाठी घरातलं कुणी शोधा. अब्बू दुकानात दिवसभर मराठी बोलतात, मोठी बहीण मराठी शाळेत आहे, खालच्या मजल्यावरच्या काकू आहेत. अंगणवाडीतही पाठवा. तिथली गाणी, खेळ मुलाच्या कानावर मराठी घालतात.

आणि घरीच एक पुस्तक बनवा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी फार छान. एकावर नाव, एकावर आयत असेल तर ते पान बाजूला ठेवून बाकीचे घ्या. दहा पानं शिवा. डावीकडून उघडलं की मराठी पुस्तक: अंडं, बकरी, पाणी. तेच उलट बाजूने, उजवीकडून उघडलं की उर्दू किताब: अंडा, बकरी, पानी. दोन्ही भाषा मधल्या पानावर येऊन भेटतात. तिथे मुलाचा आणि घरच्यांचा फोटो लावा. कोणती लिपी कुठून कुठे जाते, हे वेगळं शिकवावंच लागत नाही.

मोबाईल आणि काळजीचं कारण

अक्षरांचे व्हिडिओ लावून दिले की मूल शांत बसतं, हे खरं. पण व्हिडिओ मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी तितकं चांगलं.

दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलतं, ही समजूत चुकीची आहे. म्हणूनच "घरात दोन भाषा आहेत ना, बोलेल नंतर" असं म्हणून थांबू नका. दोन वर्षांचं मूल सगळ्या भाषा मिळूनही "अम्मी, पानी" अशी दोन शब्दांची जोड करत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मोफत तपासणीला येतं. अंगणवाडी सेविकेला विचारलंत तर ती तारीख सांगेल.

बाकी, आठवड्याला एक वस्तू, रोज दहा मिनिटं आणि रात्री झोपताना एक गोष्ट, एवढं पुरे आहे. पहिलीच्या वर्गात कोणत्या मुलाशी घरी भरपूर बोललं गेलंय, हे आम्हा शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात कळतं. त्या मुलाला अक्षरं कमी येत असली तरी चालतात, ती दिवाळीच्या सुट्टीपर्यंत येतात. पण ज्याच्याकडे अक्षरं आहेत आणि सांगायला गोष्ट नाही, त्याला वाचनाची गोडी लावायला आम्हाला फार मेहनत घ्यावी लागते. तेव्हा आज संध्याकाळी पेन्सिल शोधू नका. स्वयंपाकघरातून एक लसूण उचला आणि सुरुवात करा.